घरातील वातानुकूलक का गोठतो?



काला अंब हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात एकच दिनांक उभा राहतो : १४ जानेवारी १७६१. पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध असलेल्या या जागी जो स्मृतिस्तंभ उभा आहे, तो पाहण्यासाठी महाराष्ट्रातून आलेली काही मंडळी आज श्रोत्यांत बसलेली आहेत. अशा ठिकाणी वातानुकूलन यंत्रावर बोलण्यास कोणी उभे राहावे, याचे त्यांना नवल वाटले असेल तर ते स्वाभाविकच होय. परंतु जे लोक या परिसरात वर्षभर राहतात, त्यांच्या दृष्टीने हा विषय घरचा आहे. मे आणि जून महिन्यांत येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतात. ज्या घरात एखादा वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल आहे, त्या घरात अशा रात्री यंत्र बंद पडणे ही नुसती गैरसोय नसते.

तक्रार बहुधा अशी येते. रात्री दहाच्या सुमारास यंत्र सुरू केले, मध्यरात्रीपर्यंत खोली उत्तम गार झाली, आणि पहाटे जाग आली ती घामाने. यंत्राचा आवाज येतो आहे, दिवा लागलेला आहे, पण वारा मात्र येत नाही. पुढचे झाकण उघडून पाहावे तो आत पांढराशुभ्र बर्फ! बाहेर ३५ अंशांचा उकाडा आणि घरातल्या यंत्रावर हिमालय, हा देखावा पाहून घरची माणसे दोन तर्क करतात. पहिला असा की, यंत्र प्रमाणाबाहेर गार करू लागले आहे. दुसरा असा की, गॅस संपला. पहिला तर्क साफ चुकीचा आहे. दुसरा अर्धवट खरा आहे, आणि अर्धवट खरा असल्यामुळेच तो अधिक महागात पडतो.

आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की, यंत्रावर धरलेला बर्फ हे अतिथंडीचे लक्षण नाही. जेथे उष्णता पोहोचायला हवी होती तेथे ती पोहोचली नाही, याचे ते लक्षण आहे. हे एकदा पटले की दुरुस्तीचा मार्ग आपोआप दिसू लागतो. ते पटावे म्हणून थोडे मागे जाऊन यंत्राचे काम कसे चालते ते पाहू.

वातानुकूलक थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून घराबाहेर नेऊन टाकतो. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते हे आपणांस ठाऊक आहे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ही वाफ जाताना माठाची उष्णता बरोबर घेऊन जाते. वातानुकूलकात घडते ते हेच. फरक इतकाच की माठावरून उडालेले पाणी परत येत नाही. येथे मात्र उडालेली वाफ काँप्रेसरने दाबली जाते, घराबाहेरच्या जाळीत तिची उष्णता काढून घेतली जाते आणि तिचा पुन्हा द्रव करून तो आतल्या नळ्यांत सोडला जातो. या पदार्थाला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात. बाजारात त्याला सरसकट गॅस म्हणतात, आणि यापुढे मीही तोच शब्द वापरीन, कारण मिस्तरीशी बोलताना आपणांस तोच वापरावा लागणार आहे. त्याचप्रमाणे खोलीतील भागात ज्या तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्या साऱ्या संचाला आपण कॉइल म्हणू.

आता कॉइलमध्ये गॅस किती अंशांवर उकळेल, हे कशावर अवलंबून असते? पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते असे आपण शाळेत शिकलो. परंतु महाबळेश्वरच्या उंचीवर ते सुमारे ९५ अंशांनाच उकळते, आणि घट्ट झाकणाच्या कुकरमध्ये त्याला सुमारे १२० अंशांपर्यंत जावे लागते. दाब उतरला की उकळण्याचे तापमान उतरते. गॅसचेही तसेच आहे. आर-२२ हा जुन्या यंत्रांतील गॅस घ्या. मिस्तरीच्या मापकावर दर चौरस इंचास ७० पौंड दाब असेल तर तो सुमारे ५ अंशांना उकळतो. काटा ५८ वर आला की तो शून्य अंशाला उकळू लागतो. अवघ्या बारा पौंडांचा हा फरक आहे. नव्या गॅसांचे आकडे निराळे आहेत, पण नियम हाच.

हा दाब ठरतो तो एका रस्सीखेचीतून. एका बाजूने खोलीतील उबदार हवा कॉइलवरून वाहते, तिला उष्णता देते आणि आतील द्रवाची वाफ करते. दुसऱ्या बाजूने काँप्रेसर ती वाफ ओढून घेत असतो. देणारा हात आखडला आणि ओढणारा हात पूर्वीच्याच जोमाने चालू राहिला, तर कॉइलमधील दाब उतरतो, आणि दाबाबरोबर तापमानही.

या कथेतील तिसरे पात्र म्हणजे हवेतील पाण्याची वाफ. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जी योजना तयार केली, तिच्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ झाला असे मानतात. तेथील अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेने कागद फुगे व आक्रसे, त्यामुळे एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. म्हणजे हवा कोरडी करणे हे या यंत्राचे जन्मापासूनचे काम आहे, आणि आजही ते अर्धे काम तेच करते. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जसे थेंब जमतात, तसे कॉइलवर जमतात, पन्हळीत उतरतात आणि निचऱ्याच्या नळीने बाहेर जातात. पावसाळी दिवसांत दीड टनाचे यंत्र तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढते. येथील घरांत मे महिन्यात पाण्याचा कूलर छान चालतो आणि जुलैत निकामी होतो याचेही कारण तेच आहे. कूलर हवेत पाणी मिसळतो, आणि जुलैतील हवेला ते नको असते. मुंबईकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यांच्याकडे बारमाही जुलैच असतो.

यंत्र नीट चालत असताना कॉइलचा पृष्ठभाग साधारण ५ ते १० अंशांच्या दरम्यान असतो. तेथे दव पडते आणि वाहून जाते. तो पृष्ठभाग शून्याखाली गेला की पडलेले दव वाहत नाही, जागीच गोठते. दव आणि बर्फ यांच्यामध्ये पाच-सात अंशांचेच कुंपण आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्व दोष या कुंपणावरून पलीकडे उडी मारूनच येतात.

येथे या प्रदेशातील एका जुन्या उद्योगाची आठवण होते. यंत्रे येण्यापूर्वी उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात लोक हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करीत असत. अलाहाबादकडील ही रीत सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिली आणि १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळ्या माळावर चौरस उथळ खड्डे खणीत. त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे वीतभर जाडीची अंथरीत, आणि त्यांवर मातीची उथळ, सच्छिद्र तबके ओळीने मांडून त्यांत तिन्हीसांजेला पाणी घालीत. वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असले तर पहाटे तबकांत बर्फाचे पापुद्रे सापडत. आश्चर्य असे की, आसपासच्या हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडे. पुढे १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स याने दवाविषयीच्या आपल्या निबंधात याची उपपत्ती स्पष्ट केली : तबकातील पाणी रात्रभर मोकळ्या आकाशाकडे आपली उष्णता टाकीत असते, आणि खालची कोरडी ताटे जमिनीकडून येणारी उष्णता अडवून धरतात. खर्च चालू आणि आवक बंद, म्हणून पाणी गोठते. ताटे भिजली तर बर्फ धरीत नसे, कारण ओल्या ताटांतून जमिनीची ऊब वर येई. त्या बर्फकऱ्यांना जे मोठ्या कष्टाने साधावे लागे, ते आपण आज निष्काळजीपणाने, विजेचे बिल भरून साधतो.

आणि आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तेथे यापेक्षा जवळचा दृष्टांत आहे. नोव्हेंबर १७६० पासून सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतास कोंडलेली होती. अब्दालीने रसद तोडली होती; रणांगणावर पाऊल पडण्यापूर्वीच माणसे आणि जनावरे उपासमारीने खचली होती. कॉइलची रसद म्हणजे तिच्यावरून वाहणारी उबदार हवा. ती तुटली की काँप्रेसर कितीही बलवान असो, किंबहुना तो जितका बलवान तितका लवकर, आतला भाग गोठतो.

ही रसद तुटण्याचे सर्वांत मोठे कारण हास्यास्पद वाटावे इतके साधे आहे : मळलेला फिल्टर. पानिपत हे हातमागाचे, घोंगड्यांचे आणि सतरंज्यांचे शहर. जगभरातून आलेले जुने कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा मोठा उद्योग येथे चालतो, आणि त्या सुताची तूस हवेत तरंगत असते. एप्रिलमध्ये भोवतालच्या गावांत गव्हाची मळणी होते तेव्हा भुशाचा बारीक धुरळा उडतो. मे महिन्यात पश्चिमेकडून धुळीची वादळे येतात, त्यांना येथे आंधी म्हणतात. म्हणजे यंत्र वर्षातून पहिल्यांदा सुरू होते नेमके त्याच आठवड्यांत हवा सर्वांत गढूळ असते. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत फिल्टर किती दिवसांनी धुवावा हे लिहिलेले असते; परंतु पुस्तिका लिहिणाऱ्याने पानिपतचा एप्रिल पाहिलेला नसतो. माझ्या मते येथे एप्रिल ते जून दर आठवड्याला आणि पुढे दर पंधरवड्याला फिल्टर काढून पाहिला पाहिजे. उजेडाकडे धरून पलीकडचे दिसत नसेल तर तो मळला आहे असे समजावे.

फिल्टर स्वच्छ असूनही हवा अडते ती दोन ठिकाणी. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ कॉइलच्या ओल्या पट्ट्यांवर चिकटते आणि तिचा नमद्यासारखा थर बसतो. तसेच आतील लांबट पंख्याच्या पात्यांच्या खोबणी मळाने भरतात. पंखा फिरताना दिसतो, पण हवा फेकीत नाही. पंख्याचा कपॅसिटर अशक्त झाला तर तो मंद फिरतो. याशिवाय यंत्रासमोर पडदा ओढणे, कपाट उभे करणे, झडपा मिटवून ठेवणे, हे सारे प्रकार आहेतच. आवाज नको म्हणून पंखा अगदी मंद ठेवून रात्रभर यंत्र चालविणारेही पुष्कळ असतात.

एकदा बर्फाचा पहिला पापुद्रा धरला की पुढचा प्रवास आपोआप होतो. बर्फ अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने जेमतेम शंभराव्या हिश्शाने उष्णता वाहून नेतो, आणि भुसभुशीत हिम तर त्याहूनही कमी. शिवाय तो पट्ट्यांमधील फटी बुजवितो. म्हणजे उष्णता आणखी कमी पोहोचते, दाब आणखी उतरतो, बर्फ आणखी वाढतो. मध्यरात्री ठीक असलेले यंत्र पहाटे पूर्ण गोठलेले का आढळते, ते यावरून कळेल. रात्री खोलीही गार झालेली असते आणि बाहेरची हवाही उतरलेली असते. दिवसा जो दोष झाकला जातो तो पहाटे उघडा पडतो.

आता दुसऱ्या तर्काकडे वळू. गॅस कमी झाला तर गारवा कमी व्हावा. बर्फ का वाढावा? हे कोडे अनेकांना पडते. गॅस कमी असताना कॉइलमधील दाब खाली असतो. जो थोडा द्रव येतो तो कॉइलच्या आरंभीच्या भागातच, शून्याखालच्या तापमानाला, उकळून संपतो. तेवढा भाग गोठतो आणि उरलेली कॉइल कोरडी, जवळजवळ खोलीइतकी उबदार राहते. म्हणून एकाच वेळी बर्फही दिसतो आणि खोलीही गार होत नाही. गॅस पूर्णच निघून गेला तर बर्फही धरत नाही.

यावरून घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. यंत्र सुरू करून अर्ध्या-पाऊण तासाने झाकण उघडून पाहावे. बर्फ साऱ्या कॉइलवर सारखा पसरत असेल तर संशय हवेवर घ्यावा. तो एका कोपऱ्यातच धरत असेल, आणि घराबाहेरच्या भागाजवळ दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या तोंडाशीही पांढरे दिसत असेल, तर संशय गॅसवर घ्यावा. पहाटेपर्यंत थांबलात तर दोन्ही प्रकार सारखेच दिसू लागतात. म्हणून वेळ महत्त्वाची.

परंतु गॅस कमी झाला म्हणजे तो संपला, हे मात्र कोणाकडूनही मान्य करू नका. गॅस हे इंधन नाही. स्कूटरचे पेट्रोल संपते तसा तो संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस पंधरा वर्षे फिरत राहू शकतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी छिद्र आहे. बहुधा ते नळ्यांच्या पेचाच्या जोडाशी असते, कधी डाक दिलेल्या जागी, कधी कंपनाने दोन नळ्या घासून, तर कधी कॉइलच्याच तांब्यात. घरात वापरली जाणारी काही रसायने, गोंद, नवे फर्निचर यांतून निघणाऱ्या सौम्य आम्लांनी तांब्याला वारुळासारखी वेडीवाकडी, डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. गळतीच्या जागी गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते. तेलकट डाग ही तिची खूण होय.

असे असताना दरवर्षी एप्रिलमध्ये मिस्तरीला बोलावून ‘गॅस मारून’ घेण्याची एक प्रथाच पडून गेली आहे. अक्षय्य तृतीयेसारखी ती पाळली जाते. मिस्तरी येतो, मापक लावतो, काटा चढवितो, पैसे घेतो. छिद्र जागच्या जागी राहते. पुढील एप्रिलपर्यंत गॅस निघून गेलेला असतो. ज्या कुटुंबाने कर्ज काढून यंत्र घेतले आहे, त्याला तीन-चार वर्षांत एवढ्या खर्चात कॉइल बदलता आली असती. मी मिस्तरीला एकट्याला दोष देत नाही. गळती शोधण्यास दोन तास लागतात आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासाचेच पैसे देण्यास तयार असते.

हानी खिशापुरतीच नाही. आर-२२ पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला अपायकारक आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने सोडण्याचे ठरविले. त्याच्या जागी आलेला आर-४१० ए ओझोनला सोडतो, परंतु वातावरण तापविण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजारपट प्रभावी आहे. आर-३२ त्यामानाने बराच सौम्य, तरीही सुमारे पावणेसातशेपट. म्हणजे उकाडा कमी करण्यासाठी आणलेल्या यंत्रातून गळणारा गॅस उकाड्यातच भर घालतो. आणि आर-३२ मंदपणे पेटू शकतो, तर आर-२९० हा प्रत्यक्ष प्रोपेन असल्यामुळे चांगलाच पेटतो. अशा यंत्राची नळी गॅस असताना ज्योतीने जोडण्यास कोणी सरसावला तर त्याला थांबवावे.

उरलेली कारणे मी थोडक्यात सांगतो. केसासारख्या बारीक छिद्राची जी नळी द्रवाचा दाब उतरविते, तिच्यात कचरा अडकला तर परिणाम गॅस कमी असल्यासारखाच दिसतो. नळ्यांत ओल राहिली असेल तर ती या नळीच्या तोंडाशीच गोठते. मग यंत्र काही वेळ चालते, थांबते, बर्फ वितळला की पुन्हा चालते. कॉइलवर बसविलेला संवेदक जागेवरून सरकला तर काँप्रेसरला थांबण्याची सूचनाच मिळत नाही. बाहेरची जाळी मळली तर मात्र सहसा बर्फ धरत नाही. दाब व बिल वाढते आणि यंत्र तापून बंद पडते. हा घोटाळा पुष्कळदा होतो, म्हणून सांगितले.

तापमानाचा आकडा १६ वर नेल्याने खोली लवकर गार होते हा समज साध्या यंत्राच्या बाबतीत निराधार आहे. असे यंत्र २४ वर ठेवले तरी तेवढ्याच वेगाने काम करते; १६ वर ते फक्त थांबत नाही. बंद खोलीत, पावसाळी रात्री, मंद पंख्यावर न थांबणारे यंत्र म्हणजे बर्फाला आवतणच. भारतात १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू करताच आकडा २४ वर असावा असा नियम झाला, तो वीज वाचविण्यासाठी. पण गोठण्यापासूनही त्याने काहीसा बचाव होतो.

आता प्रत्यक्ष बर्फ दिसला तर काय करावे? सर्वप्रथम गारवा बंद करावा आणि केवळ पंखा चालू ठेवावा. दूरनियंत्रकावर त्यासाठी वेगळी खूण असते. खोलीची हवाच तो बर्फ वितळविते. एक तासही लागेल, चार तासही लागतील. पंखाच फिरत नसेल तर वीज बंद करून झाकण उघडे ठेवावे. सुरी, उलथणे, पेचकस यांपैकी कशानेही बर्फ खरवडू नये. पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्या आड तांब्याची नळी असते. रात्रीचा एक ओरखडा नवी कॉइल घ्यावयास लावतो. उकळते पाणीही ओतू नये, कारण शेजारीच विजेच्या तारा आहेत. खाली बादली व जुने कापड ठेवावे; एवढे पाणी एकदम निचऱ्याच्या नळीत मावेलच असे नाही, आणि त्या नळीत शेवाळ साठले असेल तर ते भिंतीवरून उतरते.

बर्फ असताना यंत्र तसेच रेटून चालविणे हा सर्वांत वाईट उपाय होय. कॉइलमध्ये न उकळलेला द्रव मग मागच्या नळीने काँप्रेसरपर्यंत जातो. काँप्रेसर वाफ दाबण्यासाठी बांधलेला असतो. द्रव दाबला जात नाही. तेलही त्याबरोबर धुतले जाते. दहा रुपयांच्या साबणाने टळणारा दोष यंत्राच्या सर्वांत महाग भागाचा बळी घेतो तो असा.

बर्फ संपूर्ण वितळल्यावर, वीज बंद ठेवून, फिल्टर काढावा, नळाच्या साध्या पाण्याखाली मागील बाजूने धुवावा, सावलीत वाळवावा आणि मग बसवावा. झडपा उघडाव्यात, पंखा मध्यम किंवा अधिक वेगावर ठेवावा, आकडा २४-२५ वर. यानंतर एक-दोन रात्री बर्फ धरला नाही तर काम झाले. पुन्हा धरला तर मिस्तरीला बोलवावे, पण काय मागायचे ते ठरवून.

पहिली मागणी अशी की, कॉइल आणि आतला पंखा धुऊन मगच दाब मोजावा. मळलेल्या यंत्रावर दाब कमीच दिसतो, आणि तो पाहून गॅस भरला तर जास्त होतो. दुसरी, गॅस खरोखर कमी असल्यास आधी गळती शोधावी : नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहणे ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. तिसरी, दुरुस्तीनंतर पंपाने नळ्या निर्वात कराव्यात. नुसता गॅस थोडा सोडून हवा हाकलणे पुरेसे नाही. त्याने ओल आत राहते, आणि ओलीचे काय होते ते आपण पाहिलेच. चौथी, गॅस काट्यावर वजन करून भरावा. बाहेरच्या भागावरील पट्टीवर गॅसचे नाव आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये कोरलेले असते. नवे गॅस अंदाजाने भरणे योग्य नाही. जो मिस्तरी वजनकाटा घेऊन येतो त्याला चार पैसे अधिक द्यावेत, असे माझे मत आहे.

शेवटी हिवाळ्याविषयी एक सूचना, कारण गरम हवाही देणारी यंत्रे आता या भागात बरीच दिसू लागली आहेत. जानेवारीत येथील धुके आणि गारठा कसा असतो हे मराठी इतिहासाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. अशा वेळी हे यंत्र उलटे चालते : बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून घरात आणते. म्हणजे दहिवर आता घराबाहेरच्या जाळीवर पडते, आणि तेथे बर्फ धरतो. हा दोष नव्हे. यंत्र ठराविक वेळाने आपली दिशा काही मिनिटे बदलून तो बर्फ स्वतःच वितळविते. त्या अवधीत आतील पंखा थांबतो, बाहेरच्या भागाखाली पाणी सांडते आणि त्याच्यातून पांढरी वाफ उठते. ती वाफ पाहून आग लागली असे वाटणे शक्य आहे. परंतु जळल्याचा वास नसेल तर यंत्र बंद करू नये, पाणी मारू नये. पाच-दहा मिनिटांत आतून पुन्हा गरम हवा येऊ लागेल. बाहेरचा बर्फ तासाभरानेही तसाच राहिला, तरच मिस्तरीला निरोप पाठवावा.